सुवासिक हिरवा आणि पांढरा चहा कसा चाखावा: अमळनेरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. मुलाने पुण्याहून सहा डब्यांचा संच आणला: लेमन-हनी ग्रीन, जास्मिन ग्रीन, पुदिना ग्रीन, पीच व्हाइट, रोज व्हाइट आणि एक साधा व्हाइट टी. रविवारी दुपारी भरीत-भाकरी झाल्यावर तुम्ही आणि जाऊबाईंनी सहाही करून पाहिले. प्रत्येकाचा एकेक चमचा, पातेल्यात दोन उकळ्या, मग गाळून कपात. हिरवे तिन्ही कडूजहर झाले आणि पांढरे तिन्ही फिके. सासूबाईंनी घोट घेऊन विचारलं, "हाऊ चहा शे का गरम पानी?" आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की चहाच वाईट निघाला की करण्यात चुकलं, यातला चांगला कोणता हे ओळखायचं कसं, आणि अंगणातल्या मोगऱ्याचा असा चहा घरी जमेल का.

मी गेली 31 वर्षं चहाची खरेदी आणि मिश्रण करतो. पहिली 9 वर्षं सिलीगुडीला काढली, त्यानंतर जळगावात. रोज सकाळी पंधरा-वीस कप चाखल्याशिवाय माझं दुकान उघडत नाही. त्यामुळे उत्तर लांबेल, पण हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि आपल्या भागात तो कुणी विचारत नाही, म्हणून मनापासून लिहितो.

आधी कडू का झाला ते. आपला रोजचा चहा सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरडून, पूर्ण काळा होऊ दिलेला दाणेदार चहा. तो उकळ्या, दूध, साखर, आलं सगळं सोसतो. किंबहुना त्याला ते लागतं. हिरव्या चहाचं पान तोडल्यावर लगेच वाफेवर किंवा गरम कढईत फिरवतात, म्हणजे ते काळं पडायचं थांबतं. जपानात वाफ, चीनमध्ये बहुतेक कढई. पानातली कॅटेचिन नावाची तुरट-कडू द्रव्यं त्यामुळे जशीच्या तशी राहतात. पाणी जितकं कडक तितकी ती भराभर कपात उतरतात. ज्या द्रव्यामुळे चहाला गोडसर, मुगाच्या कढणासारखी भरीव चव येते ते थिएनिन मात्र कोमट-गरम पाण्यातही सहज उतरतं. म्हणजे पाणी 75-80 अंशांवर ठेवलं तर गोडवा पुढे येतो आणि कडूपणा मागे राहतो. तुम्ही दोन उकळ्या दिल्या, तिथेच तिन्ही डबे हरले.

पांढरे फिके का झाले याचं कारण वेगळंच आहे: तुमचा चमचा. पांढऱ्या चहात कोवळे कोंब आणि फार तर पहिली एक-दोन पानं असतात. ती न मळता, न भाजता, नुसती पसरून दीड-दोन दिवस कोमेजू देतात आणि वाळवतात. कोंबावरची चंदेरी लव तशीच राहते, म्हणून नाव पांढरा. न मळल्यामुळे पान फुगीर राहतं, चमच्यात मावतच नाही. माझ्या काट्यावर गोळीसारखा वळलेला हिरवा चहा चमचाभर घेतला तर 3 ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि पांढऱ्याचा तोच चमचा जेमतेम 1 ग्रॅम. तुम्ही एकाला तिप्पट आणि दुसऱ्याला एकपट घालून तुलना केली. सासूबाईंना गरम पाणी लागलं त्यात त्यांची काही चूक नाही.

म्हणून पहिली खरेदी चहाची नको, काट्याची करा. सोनार वापरतात तसला खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणा. 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम, हे माप धरून ठेवा. चहा चाखण्याची जी आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धत 1980 साली ठरली, आयएसओ 3103, तिच्यातही हेच माप आहे. फक्त तिथे उकळतं पाणी ओतून 6 मिनिटं ठेवतात. एवढं कडक का, तर ती पद्धत पिण्यासाठी नाही, दोष उघडे पाडण्यासाठी आहे. मीही खरेदीच्या वेळी मुद्दाम कडक काढतो. चांगलं पान कडक काढलं तर तुरट होईल, पण घाण वास मारणार नाही. तुम्ही मात्र पिण्याचा कप काढून तुलना करा: हिरव्याला 75-80 अंश, 2 ते 3 मिनिटं. पांढऱ्याला 80-85 अंश, 5 मिनिटं. पांढऱ्याला घाई चालत नाही, त्याचं पान फुटलेलं नसल्याने रस सावकाश येतो.

थर्मामीटर नसेल तर हिशोब सोपा आहे. तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी माठातलं पाणी घातलं की 80 ते 82 च्या आसपास येतं. दोन वाट्यांत एक घातली तर 75. टाकीचं पाणी मात्र नको. आपल्याकडे मे महिन्यात नळाला हात लावला तर भाजतो, ते पाणी मिसळून हिशोब चुकेल. माठ बरा.

आता पाण्याबद्दल, कारण खान्देशात अर्धा चहा पाण्यामुळेच बिघडतो. तुम्ही बोअरचं पाणी वापरता असं लिहिलंय. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. काळ्या चहात दूध-साखरेआड ते झाकलं जातं, हिरव्या-पांढऱ्यात झाकायला काही नसतं. एक प्रयोग करा, पाचच मिनिटं लागतील. तोच साधा पांढरा चहा, तेवढाच तोलून, एका कपात बोअरच्या आणि दुसऱ्यात आरओच्या पाण्यात काढा. बोअरचा कप गडद, मळकट पिवळा होईल, थोड्या वेळाने त्यावर तेलासारखा पातळ तवंग धरेल, कप हलवला की तो तुकड्या-तुकड्यांनी फुटेल आणि कडेला करडी रेघ उरेल. वास घ्या, दबलेला असेल. शेजारच्या कपात पाणी फिकट, पण नाकाला मध आणि वाळल्या गवताचा वास स्पष्ट. चहा तोच. आरओचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, अगदी 10-20 वर आणून ठेवला असेल तर तेही पाणी कपात निर्जीव लागतं. 60 ते 120 च्या दरम्यान माझा कप सर्वांत मोकळा बोलतो.

तिसरी गोष्ट वेळेची. भरताबरोबर कच्चा कांदा, लसूण, हिरवी मिरची असते. ते खाऊन उठल्यावर जिभेला फक्त आग कळते. हेच शेवभाजीचं, हेच काळ्या मसाल्याच्या आमटीचं. चाखायचं तर सकाळी 10-11 ला, नाश्त्यानंतर दोन तासांनी. अत्तर, अगरबत्ती, डोक्याला वासाचं तेल काही नको. दोन चहांमध्ये साधं पाणी आणि चिमूटभर ज्वारीच्या लाह्या, बिनमिठाच्या. बिस्कीट नको, त्यातली साखर पुढच्या कपाला खोटा कडूपणा देते. एका बैठकीत पाच-सहा कपांपुढे जाऊ नका, आणि प्रत्येक कप संपवायची गरज नाही. आम्ही घोट फिरवून थुंकतो. तुम्हीही शेजारी रिकामं भांडं ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता मुख्य मुद्दा, जो मला सगळ्यांत आधी सांगायचा होता. सुवास घातलेला चहा चाखायचा म्हणजे दोन वस्तू एकत्र चाखायच्या: खालचं पान आणि वरचा वास. डबा उघडल्यावर जो वास नाकात येतो तो बहुतेक वरचा असतो. तो फसवायला फार सोपा. चांगला चहा कोणता हे ठरतं खालच्या पानावर. म्हणून आधी वास बाजूला काढायला शिका.

हे कसं करायचं ते पीच व्हाइटवर सांगतो. कप कोमट होऊ द्या. चिमटीने नाक घट्ट दाबा, घोट घ्या, तोंडात फिरवा. पीच गायब. जिभेवर काय उरतं ते पहा: थोडा गोडसरपणा, गालांच्या आत किंचित तुरटपणा, की नुसतं कडू पाणी? आता घोट तोंडात असतानाच नाक सोडा. पीच एकदम मागून, घशाच्या वाटेने नाकात धावत येतं. दुकानात नवीन मुलगा येतो तेव्हा मी पहिल्या दिवशी हेच करून घेतो, आणि नाक सोडल्याच्या क्षणी त्याचे डोळे मोठे होतात ते पाहणं हा माझ्या कामातला मोठा आनंद आहे. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाचा असतो. जिभेचं म्हणून जे आहे ते नाक दाबल्यावर उरतं, आणि ते पानाचं असतं.

तुरटपणा हा तर आपल्या षड्रसांत मोजलेला रस, कषाय. आधुनिक शास्त्र त्याला चव न म्हणता स्पर्श म्हणतं: चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडं, खरखरीत होतं. जळगाव जिल्ह्यात तुरट समजावायला दूर जावं लागत नाही. कच्च्या केळीचा तुकडा चावला की जीभ टाळूला चिकटते तो तुरटपणा जड, ओढणारा. जांभळाचा तुरटपणा गोडाबरोबर येतो आणि लगेच सुटतो. चांगल्या हिरव्या चहाचा तुरटपणा जांभळासारखा असावा: आला, तोंड स्वच्छ केलं, मग पाणी सुटलं. कच्च्या केळीसारखा बसून राहिला तर पान जून आहे किंवा तुम्ही जास्त वेळ ठेवलंत. कडू वेगळं. कडू जिभेच्या मुळाशी राहतं, कारल्यासारखं. नोंदवहीत हे दोन शब्द वेगवेगळे लिहा. नवीन माणूस सगळ्याला कडूच म्हणतो आणि तिथेच गाडी अडते.

घोट घेताना भुरका मारा. आपले आजोबा बशीतून भुरका मारत चहा प्यायचे, आणि कोलकात्याचा टी-टेस्टरही चमच्यातून तसाच, त्याहून मोठ्या आवाजात, मारतो. हवा आत ओढली की चहाचे कण तोंडभर उडतात आणि वास मागच्या वाटेने नाकात जातो. सुवासिक चहात तर याशिवाय भागतच नाही.

मग प्रत्येक कप तीनदा चाखा: गरम, कोमट, आणि पूर्ण गार झाल्यावर. गरम कपात वरचा वास जोरात असतो. गार होता होता तो ओसरतो आणि खालचं पान उघडं पडतं. चांगला हिरवा चहा गार झाल्यावर उकडलेल्या ओल्या शेंगांसारखा, कोवळ्या कणसाच्या दाण्यासारखा, मेथीची जुडी सोडल्यासारखा वास देतो. शिळा असेल तर कडब्याच्या गंजीत तोंड घातल्यासारखं होतं. पांढरा चांगला असेल तर काकडी, खरबुजाची साल, मध, नुकत्या पिळलेल्या उसाच्या चिपाडाचा थंड गोडवा. शिळा असेल तर पुठ्ठा. हे शब्द माझे आहेत, तुम्ही तुमचे शोधा. इंग्रजी तक्त्यातली फळं आपण खाल्लेलीच नसतात. जाऊबाईंनी "ओल्या गोणपाटाचा वास" असं लिहिलं असेल तर ती उत्तम नोंद आहे, पुढच्या वेळी त्यांना तो लगेच ओळखू येईल.

गार कपाचं महत्त्व मला नुकसान सोसून कळलं. जळगावात आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका व्यापाऱ्याकडून मी 40 किलो लेमन ग्रीन घेतला. पोतं उघडल्याबरोबर लिंबाचा असा झणझणीत वास की मी गरम कपाचा एकच घोट घेऊन सौदा केला. मार्च होता. मे अखेर गोदामाचं तापमान चाळिशीच्या वर, आणि त्या चहातलं लिंबू उडून गेलं. राहिला जुना, दोन हंगाम पडून असलेला पाला, आणि वर टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प. लिंबूवर्गी तेलांचं हेच होतं; त्यातलं लिमोनीन हवेने आणि उष्णतेने बिघडलं की फळाऐवजी वार्निश आठवतं. गिऱ्हाइकांनी पाकिटं परत आणली, मी पैसे दिले आणि उरलेला माल उकिरड्यावर टाकला. लिंबाच्या वासाने मला पान पाहू दिलं नाही. तेव्हापासून कप गार झाल्याशिवाय मी हो म्हणत नाही.

म्हणून तुमच्या लेमन-हनीकडे आधी पहा. गवती चहाची पात चुरडून शेजारी ठेवा आणि आलटून पालटून वास घ्या. लिंबाच्या सालीत आणि गवती चहात, दोन्हींत सिट्राल हे सुगंधी द्रव्य आहे, त्यामुळे ताज्या लिंबू-वासाचा आपल्या अंगणातला मापदंड तो. डब्यातला वास त्याच्याशी नातं सांगत असेल तर बरा. फरशी पुसायच्या द्रवाची किंवा गोळ्या-चॉकलेटची आठवण आली तर खाली ठेवा. आणि "हनी" म्हणजे मध असेलच असं नाही. घटक वाचा. साखर न घालता चहा चांगलाच गोड लागत असेल तर त्यात बहुधा ज्येष्ठमध किंवा स्टीव्हिया असतो. तो गोडवा उशिरा येतो आणि घशात रेंगाळतो. पानाचा गोडवा असा रेंगाळत नाही.

पुदिना सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी माहिती देणारा. मोरोक्कोत गोळी चहात ताजा पुदिना आणि भरपूर साखर घालून पितात, तिथे पान मुद्दाम कडक घेतात कारण पुदिन्यापुढे नाजूक पान टिकत नाही. तुमच्या डब्यात पुदिन्याची वाळलेली पानं दिसतात की नुसता वास आहे एवढं पहा. तोंड बर्फासारखं गार पडलं तर त्यात पेपरमिंटचं मेंथॉल आहे. आपल्या बाजारातला पुदिना इतका गार करत नाही. हा कप नेहमी शेवटी चाखा, नाहीतर पुढचे सगळे मेले.

क्रम असा ठेवा: साधा पांढरा, रोज व्हाइट, पीच व्हाइट, जास्मिन, लेमन, पुदिना. साधा पांढरा आधी आणि तोच अधूनमधून पुन्हा, कारण तो तुमचा आधार आहे. त्याच कंपनीचा साधा हिरवाही मिळाला तर आणा. खरं सांगायचं तर सुवासिक चहाची निम्मी परीक्षा एवढ्यातच होते: तीच कंपनी साधं पान विकते का? विकत असेल तर त्याला लपवायचं काही नाही.

रोज आणि पीच व्हाइट यांच्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. पांढऱ्या चहाचा स्वभाव हळू आवाजात बोलणाऱ्या माणसाचा. त्याच्यावर वासाचा लोट ओतला तर तुम्ही पांढऱ्या चहाचे पैसे देऊन सुगंधी पाणी पिता. चांगला रोज व्हाइट तो, ज्यात तिसऱ्या घोटाला गुलाब मागे सरतो आणि खरबूज-मध पुढे येतो. दोन्ही डब्यांत अजून एक पाहायचं: घोटाला आंबट कळ लागते का आणि कप लालसर होतो का? तसं असेल तर त्यात हिबिस्कस आहे, म्हणजे आपली लाल अंबाडी. अंबाडीच्या बोंडांचं सरबत मला फार आवडतं, पण पांढऱ्या चहात ती घातली की दुसरं काहीच ऐकू येत नाही. मग गाळलेली पानं पांढऱ्या बशीत पसरा. अख्खे कोंब, लव, लांब मऊ पानं दिसली तर पैसे सार्थकी. चुरा, काड्या आणि सफरचंदाचे तुकडे दिसले तर पैसे वाया, डब्यावर काहीही छापलेलं असो.

पांढऱ्या चहात कॅफिन नसतं असं तुम्ही कुठेतरी वाचलंय, ते खरं नाही. कोवळ्या कोंबात कॅफिन चांगलं असतं. रात्री झोप लागत नसेल तर संध्याकाळी तोही नको. आणि वजन कमी होण्याचं म्हणाल तर मी चहा विकतो, औषध नाही. एवढं नक्की सांगेन की जेवणाबरोबर चहा घेतल्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, तेव्हा घरातल्या पंडुरोग असलेल्या बायांनी दोन जेवणांच्या मधे घ्यावा.

दोन चहांत खरंच फरक आहे की डब्याच्या रंगामुळे वाटतो, हे तपासायला तीन कपांचा खेळ करा. जाऊबाई तीन कप भरतील, दोन एकाच चहाचे, एक दुसऱ्याचा. कपांच्या तळाला खडूने खूण. तुम्ही वेगळा कप ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणजे सहा वेळा केलं तर दोनदा. सहापैकी पाच वेळा ओळखलात तर फरक खरा आहे. मी हे माझ्या दुकानातल्या दोन महागड्या डब्यांवर केलं आणि तीनच वेळा ओळखू शकलो. त्यानंतर त्यातला महाग डबा मागवणं बंद केलं.

आता जास्मिन, आणि तुमचा मोगरा. हा भाग मी शेवटी ठेवला कारण सगळ्या सुवासिक चहांत मला हाच प्रिय आहे. जास्मिन टी म्हणजे मोगऱ्याचाच चहा. चीनमध्ये यासाठी जे फूल वापरतात ते आपल्या गजऱ्यातला मोगरा. फुचौ शहराच्या परिसरातल्या मोगरा-चहाच्या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 साली जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिलं. तिथे दुपारी मिटलेल्या कळ्या खुडतात, रात्री त्या उमलू लागल्या की हिरव्या चहात थर देतात. चहाचं कोरडं पान वास आणि ओलावा दोन्ही ओढून घेतं. सकाळी फुलं चाळून काढतात, चहा पुन्हा वाळवतात, आणि पुढच्या रात्री नव्या कळ्या. चांगल्या प्रतीला हे पाच-सहा, कधी अधिक वेळा. फुलं काढून टाकलेली असतात, म्हणून डब्यात पांढऱ्या पाकळ्या दिसल्या की चहा उंची असं समजू नका. बऱ्याचदा त्या नंतर शोभेसाठी घातलेल्या असतात.

असा मुरवलेला वास आणि वरून फवारलेला वास ओळखायची माझी रीत: त्याच पानांवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाणी घाला. फवारलेला पहिल्या कपातच संपतो, दुसरा कप हिरवा आणि उदास. मुरवलेला तिसऱ्या कपातही मंद येत राहतो, रिकाम्या कपाच्या तळाशी तर सर्वांत गोड. तुमच्या डब्याचं हेच करून पहा आणि मला कळवा.

घरी करायचं तर एप्रिल-मे उत्तम, मोगरा भरात असतो. बाजारातली फुलं घेऊ नका, त्यांवर औषध फवारलेलं असतं आणि वर पाणी शिंपडलेलं. अंगणातल्याच कळ्या, संध्याकाळी 5 च्या सुमारास, पांढऱ्या झालेल्या, फुगलेल्या पण मिटलेल्या. 50 ग्रॅम साधा हिरवा चहा आणि तेवढ्याच वजनाच्या कळ्या. कळ्या परातीत पातळ पसरून ठेवा. 8 च्या आसपास टोकं उघडू लागतात आणि खोली भरते. तेव्हा स्टीलच्या रुंद डब्यात चहाचा थर, कळ्यांचा थर, पुन्हा चहा. झाकण सैल. डब्याला मसाल्याचा वास असता कामा नये. ज्या डब्यात कधी काळा मसाला होता तो दहा वेळा घासला तरी चहा तो वास शोधून काढतो. चहा वास ओढतो हेच इथे आपल्या कामाचं, आणि हेच त्याच्या नाशाचं कारण, म्हणून रोजचा डबाही मसाल्याच्या फळीपासून लांब, गॅसपासून लांब, घरातल्या सर्वांत गार खोलीत.

रात्री 11 ला एकदा हात घालून पहा. डबा आतून कोमट लागेल, फुलं श्वास घेत असतात. चहा परातीत ओता, दहा मिनिटं पसरून गार करा, पुन्हा थर द्या. हे चुकवलं तर सकाळी गजरा कोमेजल्यानंतरचा आंबूस वास येतो. पहाटे फुलं तपकिरी पडायच्या आत चाळा. चहा हाताला नरम, ओलसर लागेल. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, हाताला सोसवेल इतक्याच उष्णतेत, हलवत वाळवा, पान चुरचुरीत मोडेपर्यंत. गार झाल्यावरच भरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री कळ्या निम्म्या केल्या तरी चालतात.

कळ्या खुडायला सासूबाईंना बरोबर घ्या. पहिला कप 75 अंशांवर काढून, काही न सांगता त्यांच्या हातात द्या, आणि त्या काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा.